शेवटची ओळ पेशंटची

सकाळपासून मी चार वेळा पंधरा वर्षांची झाले, चार वेळा धडधडीत खोटं बोलले आणि चार डॉक्टरांनी माझा घसा बघितला. घशाला काही झालेलं नव्हतं. कार्डावर लिहिलं होतं: मुलगी, वय पंधरा, शाळेच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी सर्टिफिकेट हवं, सोबत आई. घसा का बघतात कोण जाणे. काय बोलावं सुचलं नाही की डॉक्टर लोक 'आ कर' म्हणतात, असं माझं मत झालंय.

मी खोटी पेशंट आहे. हसू नका, रीतसर काम आहे ते. आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. विषय आम्हीच, म्हणजे दहा ते एकोणीस वयाची पोरं. आजारी पडल्यावर औषध कसं द्यायचं ते त्यांना येतंच. आजारी पडायच्या आधी कसं विचारायचं, ते शिकवत होते. झोप लागते का, जेवतोस का, घरी कसं आहे, शाळेत कोणी छळतं का, सिगरेट ओढून बघितलीस का, पाळी कशी आहे, जगावंसं वाटतं ना, कुठल्या लशी राहिल्यात. पहिले दोन दिवस लेक्चरं आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, परीक्षा. परीक्षेला पेशंट म्हणून शाळेच्या नाटकातली आम्ही पाच जणं.

प्रत्येकाला एक कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला काय सांगून आत जायचं ते, आणि मागच्या बाजूला गुपित. माझ्या कार्डामागे होतं: मैत्रिणींबरोबर तीनदा सिगरेट ओढली आहे, रात्री झोप लागत नाही. हे आपणहून सांगायचं नाही. आईसमोर विचारलं तर 'छे, काहीतरीच' म्हणायचं. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं, आणि 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच दुसऱ्याला सांगेन, तेही आधी तुला सांगून' असं म्हटलं, तरच कार्डाची मागची बाजू उघडायची. आई म्हणून वॉर्डातल्या एक नर्सबाई बसायच्या. खोटी आई. खऱ्या आईपेक्षा बरी, कारण दहा मिनिटांत संपायची.

दहा मिनिटं झाली की ट्रेनिंग घेणाऱ्या बाई टेबलावरची घंटी दाबायच्या. आम्ही त्यांचं नाव घंटीबाई ठेवलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. कोपऱ्यात दोन परीक्षक तीस मुद्द्यांचा कागद घेऊन बसायचे. हे विचारलं, टिक. ते विचारलं, टिक. आणि त्या कागदाच्या अगदी खाली एक ओळ होती, तिला परीक्षकांनी हात लावायचा नाही. ती आम्ही भरायची. 'या डॉक्टरकडे मी पुन्हा येईन का?' हो किंवा नाही. तीसपैकी तीस पडले तरी पेशंटनं 'नाही' लिहिलं की डॉक्टरांना तीन महिन्यांनी परत बसावं लागणार. मला आधी वाटलं छापताना चूक झालीय. घंटीबाई म्हणाल्या, "चूक नाही. पोरगं परत आलंच नाही, तर बाकीचे तीस प्रश्न कुणाला विचारणार?"

बाई मला आवडल्या त्या तिथे.

आता एक खरं सांगते. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही काही आईला फोन करणार नाही.

पाच महिने झाले, माझी पाळी येते ती जातच नाही. दहा दिवस, अकरा दिवस, एकदा तर चौदा. वर्गात उठायच्या आधी बाकाकडे बघायचं, मग उठायचं. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून मी मोबाइल बघायचं नाटक करते, कारण छाती धडधडते आणि डोळ्यांपुढे काळं येतं. गेल्या आठवड्यात प्रार्थनेला उभी असताना खालीच बसले, बुटाची नाडी बांधतेय असं दाखवून. घरात कुणाला पत्ता नाही. मी दोन दिवस मागच्या बाकावर बसून डॉक्टरांची लेक्चरं ऐकली, आमची तालीम व्हायची होती म्हणून. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक यादी आली. या वयातल्या मुलींना हे विचाराच, विचारलं नाही तर त्या सांगणार नाहीत. माझीच यादी होती ती. वरपासून खालपर्यंत. शेजारचा पोरगा म्हणाला, काय गं, पांढरी पडलीस? म्हटलं, लेक्चर बोअर आहे.

मग सांगत का नाहीस बाई कुणाला, असं म्हणाल. सांगितलं होतं की. एकदा सांगून बघितलं होतं.

चौदा वर्षांची होते तेव्हा वर्गातल्या पोरी मला 'ढोली' म्हणायच्या आणि मी डबा न खाता कचऱ्यात टाकायचे. खूप महिने. शेवटी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या हॉस्पिटलातले मुलांचे डॉक्टर. अर्धं गाव त्यांच्या हातून मोठं झालंय. माझी आई त्यांच्याच ओपीडीच्या खिडकीत बसते, नंबर देते, फायली काढते, चौदा वर्षं झाली. मला ते 'छोटे सरकार' म्हणतात. इतका चांगला माणूस. मी रडत रडत सांगितलं, आईला सांगू नका म्हटलं. ते म्हणाले, "अजिबात नाही." मी डोळे पुसून बाहेर येईपर्यंत त्यांनी मधली काच सरकवून आईला सांगितलं होतं, "अहो, हिच्या डब्याकडे लक्ष ठेवा, पोरगी उपाशी राहतेय." बाहेर बाकांवर बारा माणसं बसलेली. त्यांत माझ्या वर्गातल्या एकीची आजी.

संध्याकाळपर्यंत मावशीला कळलं, मामाला कळलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळलं. सहा महिने घरात माझे घास मोजले गेले. मी पाणी प्यायला उठले तरी 'कुठे चाललीस' व्हायचं. आणि शाळेत 'ढोली'ची 'उपाशी ढोली' झाली. मी कानाला खडा लावला. म्हटलं, मेले तरी चालेल, पण या लोकांना परत काही सांगायचं नाही.

तर ते असो. रविवारकडे येते.

तिसऱ्या फेरीत एक नवी डॉक्टरीण आली होती. शिकून बाहेर पडून वर्षही झालं नसेल. इतकी घाबरलेली की बसता बसता पेन पाडलं, ते उचलताना टेबलाला डोकं आपटलं. खोटी आई फिस्सकन हसली. डॉक्टरीणही हसली, म्हणाली, "चला, पहिली पेशंट मीच." मग आईला बाहेर बसवलं, ते वाक्य म्हणाली, अर्ध्यात विसरली, परत पहिल्यापासून म्हणाली. सिगरेटचं मी सांगितलं तर डोळे मोठे केले नाहीत. "कशी लागली?" असं विचारलं. मी म्हटलं, घाण. म्हणाली, "मग तीनदा का?" याचं उत्तर कार्डावर नव्हतं. लशींचं ती विसरली, घरचं विसरली, पाळीचं विसरली. घंटी झाली. एकोणीस मार्क. मी उठले तेव्हा ती माझ्या बोटांकडे बघत होती. हळूच म्हणाली, "नखं फारच फिकी आहेत गं. हे कार्डावर आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली. "मी बुधवारपर्यंत कोपऱ्यातल्या खोलीत आहे. आज पण आहे, चारपर्यंत." एवढंच. पुढे काही खोदून विचारलं नाही तिने. मी 'हो' लिहिलं. परीक्षक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी नापास पोराला पहिला नंबर दिला.

आणि चौथ्या फेरीला मोठे डॉक्टर आले.

त्यांना परीक्षा द्यायची गरजच काय, असं सगळे म्हणत होते. पण नियम म्हणजे नियम. तळमजल्यावर आमच्या वयाच्या पोरांसाठी नवीन ओपीडी सोमवारी सुरू होणार होती, तिचे प्रमुख तेच. दारावर त्यांच्या नावाची पाटी लागलीसुद्धा होती. ट्रेनिंग पास असल्याशिवाय तिथे बसता येणार नाही, एवढाच काय तो कागदाचा अडथळा.

"काय छोटे सरकार! आज तुम्ही माझी परीक्षा घेणार होय?" म्हणत बसले. आणि खरं सांगते, त्यांनी झकास केलं. माझ्याशी बोलले, खोट्या आईशी नाही. तिला इतक्या गोड शब्दांत बाहेर बसवलं की ती बिचारी थँक्यू म्हणून गेली. ते वाक्य एका दमात, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. लशी, झोप, घर, शाळा, मन, सगळं. पाळीचंही विचारलं. माझ्या ओठांवर आलं होतं तेव्हा. खरंच आलं होतं. म्हटलं, सांगून टाकावं का? मग कार्डावरचं उत्तर दिलं, "नियमित आहे." सिगरेटचं सांगितलं तर मान हलवली, रागावले नाहीत, सोडायला काय करता येईल ते माझ्याकडूनच काढून घेतलं. परीक्षकांची पेनं थांबत नव्हती.

घंटी झाली. परीक्षकांनी कागद मिटले. आम्ही सगळे उठलो. मोठे डॉक्टर दार उघडून बाहेर आले, बाहेर खुर्चीवर खोटी आई मोबाइल बघत बसलेली. आणि जाता जाता, तिच्या खांद्यापाशी वाकून, हळू आवाजात ते म्हणाले, "अहो, हिचं दप्तर तपासत जा जरा अधूनमधून. मैत्रिणी कोण आहेत तेही बघा."

नर्सबाई जोरात हसल्या, "डॉक्टर, मी वॉर्ड नंबर तीनची हो! मला कुठली पोरगी!" परीक्षक हसले. मोठे डॉक्टर स्वतःवरच हसले, कपाळावर हात मारला, "सवय हो, सवय!" सगळा कॉरिडॉर हसला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

कागद माझ्यासमोर आला. वर लिहिलं होतं एकोणतीस. सकाळपासूनचे सगळ्यांत जास्त. मी खालच्या ओळीत 'नाही' लिहिलं. दोनदा गिरवलं.

घंटीबाईंनी कागद बघितला, मला बघितलं. "नियम माहीत आहे ना? 'नाही' लिहिलंस तर कारण डॉक्टरांना समोर बसून सांगायचं. ते मध्ये बोलणार नाहीत, पण सांगायचं तुलाच. जमेल?"

"जमेल," म्हटलं. पेनाला टोपण लावलं.

"अर्ध्या तासाने," त्या म्हणाल्या. "जेवून घे."

जेवण कसलं! अशा बातम्यांना पाय असतात आणि आमच्या हॉस्पिटलात तर चाकं असतात. मी जिन्यापर्यंत पोहोचले नाही तोवर आई वर आली. रविवारीही तिला नोंदणीला बसवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात पेन तसंच.

"काय लिहिलंस तू?"

"लिहायचं ते लिहिलं."

"कार्टे, शुद्धीवर आहेस का? तुझ्या जन्माच्या वेळी तू रडत नव्हतीस, तेव्हा याच माणसानं उलटं धरून तुला रडवलंय. बाबा गेले तेव्हा मला नोकरी कुणी दिली? चौदा वर्षं मी त्या खिडकीत मान वर करून बसते ती कुणाच्या जिवावर?"

"मग त्याचे मार्क वेगळे दे ना तू. मला ज्याचे विचारलेत त्याचे मी दिले."

"तोंड बघ किती चालतंय! उद्या त्यांची ओपीडी उघडायचीय. पाटी लागलीय. लोक काय म्हणतील, खिडकीतल्या बाईची पोरगी, आणि तिनेच पाडलं? उद्या मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने जा. मी सांगितलं होतं की नाही त्यांना, आईला सांगू नका म्हणून? तू काचेतून ऐकलंस आणि सगळ्या गावाला वाटलंस. तेव्हा मी शाळेत कुठल्या तोंडाने गेले, विचारलंस कधी?"

आईनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. मग म्हणाली, "मी आई आहे. मला कळायला नको?"

"कळायला हवं. मी सांगितल्यावर."

"अगं, तू कधी सांगतेस काही! दोन वर्षं झाली, हो-नाहीच्या पुढे बोलत नाहीस माझ्याशी." तिचा आवाज फुटला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. ती दुष्ट नाही हो. तिने ते सगळीकडे सांगितलं कारण ती घाबरली होती, आणि घाबरली की तिला बोलायला माणसं लागतात. पण म्हणून माझ्या डब्याची दवंडी पिटायची?

"एक अक्षर बदलायचंय," ती म्हणाली. "एवढं कर माझ्यासाठी. हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. कॉरिडॉरमध्ये, पेन धरून. मला तिथेच रडू आलं असतं, म्हणून मी चालायला लागले. कागद बदलायचा म्हटलं असतं तर घंटीबाईंनी नवा दिला असता, मला माहीत होतं. एका मिनिटाचं काम. आई खुश, डॉक्टर खुश, पाटी खुश. आणि सोमवारपासून त्या पाटीखाली रोज पंचवीस पोरं येणार. त्यांतली एखादी रडत रडत काहीतरी सांगणार, 'अजिबात नाही' ऐकून डोळे पुसणार, आणि ती दारात पोहोचायच्या आत काच सरकणार. नाही. नाही म्हणजे नाही.

छोट्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मोठे डॉक्टर, एका बाजूला मी, आणि मध्ये घंटीबाई. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी फक्त ऐकायचं."

"बोला छोटे सरकार," डॉक्टर म्हणाले. हसत होते, पण नेहमीसारखे नाही. लागलं होतं त्यांना.

"तुम्ही आईला दप्तर तपासायला सांगितलंत."

"अगं, घंटी झाली होती! आणि ती आई खोटी होती!"

"डॉक्टर," घंटीबाई म्हणाल्या.

"सॉरी. बोल."

"खोटी होती म्हणूनच," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "मी खोटी, आई खोटी, सिगरेट खोटी. परीक्षा संपलेली. तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. मग खऱ्या मुलीचं काय करत असाल? खऱ्या मुलीचं काय करता ते मला माहीत आहे. तुम्ही मला शब्द दिला होता आणि काच सरकवली होती. बाहेर बारा माणसं होती. मी मोजली होती."

त्यांना आठवायला वेळ लागला. त्याचाच मला जास्त राग आला. माझी दोन वर्षं गेली त्यात, आणि यांना आठवावं लागतंय! मग त्यांचा चेहरा बदलला.

"पण तू जेवायला लागलीस," ते हळू म्हणाले. घंटीबाईंनी या वेळी अडवलं नाही. "बरी झालीस तू."

"झाले. तुमच्यामुळेच झाले. आणि तुम्हा लोकांना यापुढे काही सांगायचं नाही, हे ठरवलं तेही तुमच्यामुळेच."

"म्हणजे?" ते पुढे वाकले. तेवढ्यात दार ढकलून आई आत आली, ते मला चपलांच्या आवाजावरून कळलं, पण मी वळले नाही. डॉक्टरही तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. आधी ओठांकडे, मग डोळ्यांच्या खाली, मग टेबलावरच्या हातांकडे. डॉक्टर तर ते चांगलेच आहेत. एकदा बघायचं ठरवलं की त्यांना दिसतं. सकाळी दहा मिनिटं मी समोर होते, तेव्हा ते कागदाचे तीस मुद्दे बघत होते.

"हात बघू तुझा," ते म्हणाले.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. "नाही."

"अगं, गंमत नाही ही. किती दिवस झाले? जिना चढताना दम लागतो?"

"सांगणार आहे मी," मी म्हटलं. "तुम्हाला नाही."

"काय झालंय?" आई किंचाळलीच. "काय लागतं? काय लपवतेयस तू? डॉक्टर, काय झालंय हिला? विचारा ना तुम्ही! तुमचं ऐकते ती!" तिने माझा खांदा धरला, तिची बोटं रुतत होती. "मला सांग. मला तरी सांग गं."

"आत्ता तुलाही नाही."

मोठे डॉक्टर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता टेबलाला वळसा घालून येतील, माझी पापणी खाली ओढून बघतील, आईला सांगतील, बाहेर सांगतील, झालं. मी खुर्ची घट्ट धरली.

"बाई, सोडा तिला," ते म्हणाले. "काही विचारू नका."

"असं कसं? मी आई आहे तिची!"

"हो. तुम्ही आई आहात." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "आणि मी तिचा डॉक्टर नाही."

त्या माणसानं माझ्या जन्मापासून हे वाक्य कधी उच्चारलं नसेल. घंटीबाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. माझ्या 'नाही'खाली डॉक्टरांनी वाचल्याची सही करायची असते. त्यांनी केली, तारीख घातली. मग मला म्हणाले, "कुणालाही दाखव. कुणाला दाखवलंस ते मला सांगू नकोस. पण आज. उद्यावर ढकलू नकोस, एवढं ऐक."

"आजच," म्हटलं.

खरं सांगू? त्या क्षणी त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित ते अक्षर बदललं असतं. इतकं वाईट दिसत होतं त्यांचं तोंड. त्यांनी विचारलं नाही. आणि मी बदललं नाही. एकदा नीट वागल्यावर मार्क द्यायचे असतात तीन महिन्यांनी, परत परीक्षा घेऊन.

मी बाहेर पडले. कॉरिडॉर लांबच लांब, आणि मी एकदाही मोबाइल बघायचं नाटक केलं नाही. दम लागला तिथे भिंतीला हात लावून उभी राहिले, सगळ्यांदेखत. आई मागून येत होती. तिच्या चपला ऐकू येत होत्या. मी थांबले की त्याही थांबायच्या.

कोपऱ्यातल्या खोलीत नवी डॉक्टरीण डबा खात बसली होती. मला बघून गडबडीनं झाकण लावलं, हात पुसले. "आता कुठलं कार्ड?"

"कार्ड नाहीये," मी म्हटलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे. आईचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, दुसरी खुर्ची ती ओढायलाच लागली होती. डॉक्टरिणीनं ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि सकाळसारखंच पहिला शब्द शोधत राहिली.

मी तिच्यासाठी थांबले नाही.

"आई," मी म्हटलं, "तू बाहेर थांब."

इतक्या वर्षांत मी तिला असं काही म्हटलं नव्हतं. मला वाटलं आता थप्पड बसणार, नाहीतर रडारड. आईनं ओढलेली खुर्ची जागच्या जागी सरकवली. डॉक्टरिणीला म्हणाली, "तिला पाणी द्या आधी." मग ती बाहेर गेली, आणि दार तिने स्वतःच लावून घेतलं.